एक्केचाळीस हत्यारं

पेटी उघडली तेव्हा तिला आधी वाटलं, आपल्याच डोळ्यांवर झापड आहे. घरात नऊ महिन्यांची मुलगी असेल आणि ती रात्रीतून चारदा उठवत असेल, तर दिवसा डोळ्यांवर फार भरवसा ठेवू नये हे ती शिकली होती. म्हणून तिने बोटाने चाचपलं. काळ्या फोममध्ये एक लांबट खाच, खाचेच्या टोकाला नाण्याएवढा गोल. बोट थेट तळाला टेकलं.

आरसा नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून सात मिनिटं झाली होती. बाहेर विमानाचा उजवा पंखा फिरायला लागला होता. डावा अजून गप्प होता.

दातांच्या डॉक्टरकडे असतो ना, तसाच तो आरसा, फक्त दांडी हातभर लांब. इंजिनात नळ्यांच्या मागे जिथे डोकं जात नाही तिथे तो घालायचा आणि मागचं बघायचं. पेटीत असली एक्केचाळीस हत्यारं होती, आणि प्रत्येकाची खाच त्याच्याच आकाराची. पाना त्याच्या खाचेत, पक्कड तिच्या. उगीच नव्हतं ते. एखादं हत्यार इंजिनात राहिलं तर त्याची रिकामी जागा आंधळ्यालाही कळावी, म्हणून. आणि त्यावरही एक नियम होता. ज्याने काम केलं त्याने मोजायचं नाही, दुसऱ्याने मोजायचं. आपण ठेवलेलं आपल्याला नेहमी जागेवरच दिसतं. मोजणाऱ्याने बोट लावून मोजायचं, मग इंजिनाचं झाकण लावायचं, मग वहीत सही करायची. सही झाली की विमान मोकळं.

आज काम तिने केलं होतं. सही काकांची होती.

तिने डगल्याचे चारही खिसे उलटे केले. चिंध्यांची बादली जमिनीवर ओतली. शिडीच्या फळीवरून हात फिरवला. दूध काढायचं यंत्र जिच्यात ठेवायची ती पिशवीसुद्धा झटकली, त्यातून एक एवढासा मोजा पडला. आरसा नाही. आणि मग तिला आठवलं. नको इतकं स्पष्ट आठवलं. तेलाच्या नळीवरचा सैल पट्टा आवळताना दोन्ही हात लागत होते, म्हणून आरसा तिने आतल्या पत्र्याच्या कडेवर टेकवला होता. क्षणभर. 'घेते नंतर' म्हणून.

ती धावत सुटली.

हा विमानतळ तीन शहरांचा होता, म्हणजे खरं तर कुठल्याच शहरात नव्हता. एक शहर गिरण्यांचं, एक बंदराचं, एक कॉलेजांचं, आणि तिन्हींपासून सारख्याच अंतरावर, माळावर, ही धावपट्टी. दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव आधी यावरून इतकं भांडण झालं की शेवटी तिन्ही नावं गोलात लिहिली. ती वाचताना माणसाची मान वाकडी व्हायची. विमान वेळेवर आलं की तिन्ही शहरं म्हणत, आमचा विमानतळ. उशीर झाला की म्हणत, तुमचा. दिवसाला चार विमानं यायची आणि त्या चारांना मिळून मिस्त्री दोन. त्यांच्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. मोठे ते मिस्त्रीकाका आणि धाकटी ती मिस्त्रीण.

बाळंतपणानंतर ती कामावर आली तेव्हा स्टोअरच्या कोपऱ्यात दूध काढायला आडोसा म्हणून पडदा काकांनीच लावून दिला होता. रबरी चाकांच्या थप्पीवर तिला बसायला उशी ठेवली होती. एवढंच नाही, गिरणीच्या शहराला दोनच्या ठोक्याला जी बस सुटते तिच्या ड्रायव्हरमामाशी त्यांनीच बोलून ठेवलं होतं. ती दुधाची बाटली बर्फाच्या डब्यात घालून मामाकडे द्यायची आणि तिकडे थांब्यावर सासूबाई उभ्या असायच्या. दुपारचं दूध असं रोज पस्तीस किलोमीटर प्रवास करायचं. "आपल्या पोरीचं जेवण विमानतळावरून येतं," सासूबाई शेजारणींना ऐटीत सांगायच्या.

आणि आज एकच्या विमानाच्या वैमानिकाने उतरल्या उतरल्या सांगितलं, डाव्या इंजिनाकडून तेलाचा वास येतोय. पट्टा सैल झाला होता. काम संपेपर्यंत पावणेदोनला पाच कमी. काकांनी शिडीखालून हाक मारली होती, "उतर. झाकण मी लावतो, हत्यारं मी मोजतो. तू पळ, बस चुकेल. पोर उपाशी राहील तिकडे."

ती पळाली होती. बाटली बसमध्ये वेळेवर चढलीसुद्धा.

काका कँटीनच्या खिडकीशी उभे होते. हातात चहा, कमरेला वॉकीटॉकी.

"काका, आरसा कुठाय?"

"तुला कशाला आरसा? आहेस तशी छान दिसतेयस." ते स्वतःच्याच विनोदावर हसायला लागले, आणि तिचं तोंड बघून अर्ध्यात थांबले.

"पेटीतला आरसा. जागा रिकामी आहे."

"खिसे बघ नीट. काखेत कळसा नि गावाला वळसा असेल."

"बघितले. बादली बघितली, शिडी बघितली. काका, तुम्ही मोजली होतीत ना?"

काकांनी चहात बघितलं. "मोजली."

पाच वर्षं ती त्यांना मोजताना बघत आली होती. एकेका हत्याराला बोट लावायचे, ओठ हलायचे. आई झाल्यावर तिला कळलं होतं की आपण लेकीच्या हातापायांची बोटं अशीच मोजतो. वीसच आहेत हे माहीत असतं, तरी मोजतो. तसं मोजणारा माणूस 'मोजली' हा शब्द इतक्या घाईने बोलत नाही.

"तेव्हा आरसा होता?"

"म्हटलं ना, मोजली."

बाहेर डावा पंखाही फिरायला लागला. कँटीनच्या काचा थरथरल्या. काकांनी ग्लास खिडकीत ठेवला आणि आवाज खाली आणला.

"हे बघ पोरी. पेटी बंद करताना साहेबांनी हाक मारली. शुक्रवारच्या निरोपाला घरून कोण कोण येणार, विचारत होते. मी नजर फिरवली पेटीवरून. भरलेली दिसली."

"नजर फिरवलीत."

"पाच मिनिटं दे मला. मी स्टोअरात बघतो. असेल तिथेच कुठे."

पाच मिनिटांत विमान आकाशात असेल, हे तिला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. दोघांनी एकदमच नजर चुकवली.

"वॉकीटॉकी द्या काका."

त्यांचा हात कमरेकडे गेला, आणि तिथेच राहिला. वॉकीटॉकी झाकून.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले. "एक डाग नाही. शुक्रवारी सुटतोय मी. आणि समज, थांबवलंस विमान, आणि आरसा निघाला स्टोअरात? हात दाखवून अवलक्षण. माझं जाऊ दे. तुझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय, विसरलीस?"

त्यांनी ते धमकी देऊन म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. पण बाहेर गार आहे, अंगात काहीतरी घालून जा, असं सांगावं तसं ते म्हणाले. तिच्या डोळ्यांपुढे तो पडदा आला, ती उशी आली. ह्या माणसाने आयुष्यात एकदा मोजायचं टाळलं, ते तिची बस चुकू नये म्हणून सगळं एकट्याने उरकताना. आणि आरसा विसरला कोणी? तिने. तोंड उघडलं तर ह्यांचं नाव जाणार, नाही उघडलं तर...

चौसष्ट माणसं. मघाशी शिडीवरून उतरून ती त्यांच्या रांगेजवळून पळाली होती. कुणीतरी म्हणालंसुद्धा होतं, "अहो ताई, सावकाश!"

ती वळली आणि मैदानाच्या दाराकडे धावली. मागून काकांनी हाक मारली नाही.

विमान जागेवरून हललं होतं. त्याला हातवारे करून वाट दाखवणारा माणूस, ज्याला सगळे बॅटवाला म्हणायचे, दोन्ही लाल बॅटी काखेत मारून परत येत होता. त्याच्या खांद्यावर वॉकीटॉकी होता.

"टॉवरला सांग, थांबवा!" पंख्यांच्या आवाजावरून ती ओरडली.

"काय?"

"विमान थांबवायला सांग! डाव्या इंजिनात हत्यार राहिलंय!"

बॅटवाल्याने कानावरचं एक झाकण उचललं. "काका म्हणाले?"

"मी म्हणतेय."

"काकांना विचारलंस का पण?"

"विचारलं."

"मग काय म्हणाले?"

तिच्या जिभेवर आलं होतं, हो म्हणाले. दोन अक्षरं. काम झालं असतं. पण खोट्याला खोटं जोडून विमान थांबवायचं तिच्या जिवावर आलं.

"ते म्हणाले, मोजलीत. माझ्या हिशोबी एक कमी आहे."

"मिस्त्रीण, वेड लागलंय का? सही त्यांची आहे. तुझ्या बोलण्यावर विमान थांबतं होय? माझी नोकरी घालवशील."

विमान लांबच्या वळणावर पोहोचलं होतं. तिथून धावपट्टी सुरू होत होती. शेपटी वळताना दिसली, आणि तिने वाद घातला नाही. बॅटवाल्याच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी धरला, तो त्याच्या डगल्याला अडकवलेला होता म्हणून त्यालाही सोबत ओढला, आणि बटण दाबलं.

"टॉवर, देखभाल बोलतेय. विमान थांबवा. उडू देऊ नका."

क्षणभर नुसती खरखर. मग टॉवरवरच्या मॅडमचा आवाज, जो जेवणाच्या सुट्टीत तिला बाळाचे फोटो मागायचा. आता त्यात ओळखीचा लवलेश नव्हता. "कारण सांगा."

"डाव्या इंजिनात हत्यार राहिलं असण्याची शक्यता आहे."

"शक्यता की खात्री?"

बॅटवाला तिच्याकडे बघत होता. त्याची कॉलर अजून तिच्या मुठीत होती.

"मोजणीत एक कमी आहे," ती म्हणाली. "सापडेपर्यंत खात्रीच धरा."

पुन्हा खरखर. तिकडे विमान धावपट्टीवर येऊन सरळ झालं. पंख्यांचा आवाज वर चढायला लागला. मग आवाज तसाच अडकला, हळूहळू खाली आला, आणि तो प्रचंड पांढरा जीव एखाद्या रागावलेल्या पाहुण्यासारखा तोंड फिरवून परत निघाला.

"आता बोल काय सांगायचं ते," बॅटवाला कॉलर सरळ करत म्हणाला. "साहेब आले बघ."

साहेब म्हणजे विमानतळाचे व्यवस्थापक, टाय वाऱ्यावर, अर्धे पळत अर्धे चालत. "कोणी? कोणी थांबवलं? काका कुठायत?"

"मी थांबवलं, सर."

"तू? कशावरून? आणि नाही सापडलं आत तर?"

"तर अजून शोधायचं."

"शोधायचं म्हणे!" साहेबांनी कपाळावर हात मारला.

माणसं उतरवली गेली. सावलीत दाटीने उभी राहून ती जे बोलत होती ते सगळं तिला ऐकू येत होतं. "बंदरवाल्यांचा कारभार, दुसरं काय!" "अहो जा, इथं निम्मे कामगार गिरणीवाले आहेत." "आमच्या शहरात असता ना विमानतळ, तर ही वेळ आलीच नसती." एक आजीबाई तेवढ्या म्हणाल्या, "खाली असताना कळलं ते काय वाईट झालं?" पण आजीबाईंचं कोण ऐकतो.

इंजिन निवेपर्यंत वीस मिनिटं हात लावता येत नव्हता. ती वीस मिनिटं तिने शिडीच्या वरच्या पायरीवर काढली. मग झाकण उघडलं. पत्र्याची कड समोर होती, जिथे तिने आरसा टेकवला होता.

कड रिकामी होती.

तिने टॉर्च मारला. नळ्या, तारा, स्वच्छ पुसलेला पट्टा. खालच्या तळात काही नाही. बाजूला काही नाही. नळ्यांच्या मागे अंधाराचा एक खोल कप्पा होता, आणि तिथे डोकावायला नेमका आरसाच लागला असता. तिने हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि अडला. बोटांना नुसती हवा.

"काय?" खालून साहेब. "आहे का नाही?"

खाली माणसांची कुजबुज वाढत होती. स्टोअरच्या कपाटामागे कुठेतरी आरसा आपल्याला हसत पडलाय, असंही तिला दिसायला लागलं.

शिडी हलली. दुसऱ्या बाजूने कुणीतरी चढत होतं. काका.

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. बाही खांद्यापर्यंत सारली. तिच्या हातापेक्षा त्यांचा हात बारीक होता, म्हाताऱ्या माणसाचा, हाडंच हाडं. तो नळ्यांमधून आत शिरला, मनगट, कोपर, दंड. गाल इंजिनाला टेकला. डोळे मिटलेले. त्यांचे ओठ हलत होते, जणू आतल्या एकेका गोष्टीला बोट लावून ते नाव घेत होते.

मग ओठ थांबले.

"पंख्याच्या दांड्याला टेकलाय," ते फक्त तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. "आडवा. दांडा अजून बोटभर सरकला असता की अडकला असता."

पंख्याची पाती वळवणारा तो दांडा. विमान वर चढताना तो सरकतो. हे काकांनी पुढे सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. त्यांनी हात बाहेर काढला तेव्हा दंडावर तेलाचे आणि रक्ताचे ओरखडे होते, आणि मुठीत आरसा होता. काच एका कोपऱ्यातून तडकली होती.

सगळ्यात आधी साहेबांना वाचा फुटली, आणि फुटली ती अशी की थांबेना. "वा! काका, वा! म्हणजे तुम्ही परत मोजलंत, कमी निघालं, आणि हिला पिटाळलंत. बरोबर? याला म्हणतात अनुभव. शुक्रवारी मी हेच सांगणार आहे भाषणात. अहवालातही असंच जाऊ दे, मुख्य कार्यालयाला बरं वाटेल."

ती शिडीवर होती, हातात झाकणाचा स्क्रू. तिने काकांकडे पाहिलं. साहेबांनी दाखवलेली वाट सोपी होती, सरळ, उतरती. कुणाला काही न होता सगळे घरी गेले असते. तिचीही हरकत नव्हती. खरंच नव्हती. विमान खाली होतं, माणसं खाली होती. उरलेलं तिला कुणाकडूनही वसूल करायचं नव्हतं.

काका उतरले आणि वही घेऊन चाकाच्या सावलीत उकिडवे बसले.

तिने आतलं सगळं पुन्हा तपासलं, पट्टा, नळी, दांडा. ती उतरली तेव्हा काकांनी पेटी तिच्यापुढे सरकवली आणि वरती वही ठेवली.

"इंजिनात हात मी घातलाय," ते म्हणाले. "आता मोजायचं तू."

वही उघडीच होती. एक चाळीसच्या सहीवर, पट्टी धरून मारावी तशी, सरळ रेघ होती. खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'वरील सही हत्यारं न मोजता केली. मोजायची जबाबदारी माझी होती. दोन वाजून दहा मिनिटांनी धाकट्या मिस्त्रीने विचारलं, तेव्हाही मोजली असं खोटं सांगितलं. विमान तिने थांबवलं.'

साहेबांनी तिच्या खांद्यावरून वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "काका, अहो, हे काय? कुणी विचारलंय का हे? पान बदलू आपण. शुक्रवारी मुख्य कार्यालयातून माणसं येतायत..."

"वहीच्या पानांना आकडे छापलेले असतात, साहेब. एक कमी झालं की कळतं."

"काका," ती म्हणाली.

"माझ्याशी आज बोलू नकोस." त्यांचा आवाज कोरडा होता, आणि त्यात राग होता, तिच्यावरचा किती आणि स्वतःवरचा किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "मोज. लोक खोळंबलेत."

ती गुडघ्यांवर बसली. पहिल्या खाचेला बोट लावलं. एक. दोन. तीन. काका पाठमोरे उभे होते, पण मान किंचित वळलेली, ऐकणारी. साहेब घड्याळ बघत होते. एकोणिसाव्याला तिचे डोळे भरले आणि बोट कुठे होतं तेच तिला कळेना. अठरा झाले होते की एकोणीस?

"होईल एवढ्यात," साहेब म्हणाले. "विसाच्या आसपास होतीस."

तिने बाहीने डोळे पुसले आणि बोट पुन्हा पहिल्या खाचेवर नेलं.

"एक," ती मोठ्याने म्हणाली.

सावलीतली कुजबुज थांबली होती. त्या तीन शहरांची चौसष्ट माणसं तिचं मोजणं ऐकत उभी होती. तिने घाई केली नाही. चाळीस म्हटलं, तडकलेल्या आरशावर बोट टेकवून एक्केचाळीस म्हटलं, इंजिनाचं झाकण लावलं, आणि मग पेनाचं टोपण काढलं.